इंटेल बंद करू नका: लॅपटॉपमधल्या दोन ग्राफिक्सचा गुंता

तुमची अडचण मला समजली ती अशी. लॅपटॉपमध्ये प्रोसेसरसोबत आलेलं इंटेलचं ग्राफिक्स आहे आणि एनव्हिडियाचं वेगळं कार्डही आहे. गेम अडखळत चालतो, आणि टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर सगळा भार इंटेलवर दिसतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये डिस्प्लेची सेटिंग्ज मिळत नाहीत. एनव्हिडियाला जोडलेला डिस्प्ले तुम्ही वापरत नाही, असा संदेश येतो. तिथे हाय परफॉर्मन्स निवडूनही गेममध्ये फरक पडला नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही डिव्हाइस मॅनेजरमधून इंटेल डिसेबल केलं, तर रिझोल्यूशन बिघडलं, ब्राइटनेस बदलेना आणि गेम आणखीच मंदावला. शिवाय चार्जर काढला की स्क्रीन अधूनमधून लुकलुकते. कार्ड खराब आहे का, आणि इंटेल कायमचं कसं काढायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक काम करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन इंटेल पुन्हा एनेबल करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. शटडाउन करून परत चालू करणं इथे पुरत नाही, कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये सिस्टिमचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उघडते. रीस्टार्टमध्ये ड्रायव्हर खरोखर नव्याने लोड होतात. बाकीचं त्यानंतर वाचा.

तुम्ही दिलेल्या लक्षणांमध्ये कार्ड खराब झाल्याचं एकही चिन्ह मला दिसत नाही. इंटेल बंद केल्यावर जे झालं, ते तर अगदी अपेक्षित होतं. तसं का झालं हे एकदा नीट कळलं की उरलेल्या तक्रारींचा उलगडा बराचसा आपोआप होतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

बहुतेक लॅपटॉपमध्ये आतल्या स्क्रीनची वायर इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेली असते. एनव्हिडियाच्या कार्डातून स्क्रीनकडे जाणारा थेट रस्ताच नसतो. 2010 मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस आणलं, तेव्हापासून ही रचना रुळली. त्याआधीच्या काही लॅपटॉपांमध्ये दोन ग्राफिक्समध्ये अदलाबदल करायला बटण किंवा मेनू असायचा, आणि बदलताना स्क्रीन क्षणभर काळी व्हायची. ऑप्टिमसमध्ये गेमचं चित्र एनव्हिडिया तयार करतं, तयार झालेली फ्रेम, म्हणजे एकेक चित्र, पीसीआय एक्सप्रेस या आतल्या जोडणीवरून इंटेलच्या ताब्यातल्या मेमरीत उतरवतं, आणि इंटेल ती स्क्रीनवर दाखवतं. म्हणजे इंटेल एनव्हिडियाचं प्रतिस्पर्धी नाही. एनव्हिडियाचं काम तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचवणारा तो शेवटचा टप्पा आहे. तुम्ही तोच टप्पा तोडलात. मग विंडोजने नाइलाजाने मायक्रोसॉफ्टचा बेसिक डिस्प्ले ड्रायव्हर लावला. त्याला ब्राइटनेस कळत नाही, नीट रिझोल्यूशन कळत नाही, आणि एनव्हिडियाने काढलेलं चित्र त्याच्या हाती देण्याची सोयही नाही. गेमचा बराचसा भार थेट प्रोसेसरवर येऊन पडला.

कंट्रोल पॅनलमधल्या संदेशाचा अर्थही हाच. तुमची स्क्रीन खरंच एनव्हिडियाला जोडलेली नाही, म्हणून रिझोल्यूशन आणि रंगांची पानं तिथे दिसत नाहीत. ती इंटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात. हा बिघाड नाही. या एका वाक्याला घाबरून विंडोज नव्याने टाकलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि नव्याने टाकल्यावरही तोच संदेश येतो.

फ्रेम उतरवून घेण्यात काही खर्च होत असेलच ना, असं तुमच्या मनात येईल. होतो. 1920 बाय 1080 ची एक फ्रेम, प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट धरले तर सुमारे 83 लाख बाइटची होते. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे जवळपास 500 एमबी, आणि 144 फ्रेम म्हणजे सुमारे 1.2 जीबी. पीसीआय एक्सप्रेस 3.0 च्या चार लेन असतील तर त्यांची क्षमता सेकंदाला साधारण 3.9 जीबी असते. म्हणजे मार्ग पुरतो, पण त्यातला काही भाग या वाहतुकीतच जातो. रिझोल्यूशन आणि फ्रेमरेट जितका जास्त, तितका हा खर्च जाणवतो. साध्या 60 हर्ट्‌झच्या स्क्रीनवर तो बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. त्यामुळे तुमचा गेम अडखळण्याचं कारण इथे शोधू नका.

आता यातलं परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण सगळे लॅपटॉप सारखे नसतात. काहींमध्ये मक्स स्विच असतो, म्हणजे स्क्रीनची जोडणी इंटेलकडून काढून थेट एनव्हिडियाला देणारा स्विच. तो असेल तर बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये हायब्रिड आणि डिस्क्रीट असे पर्याय दिसतात, आणि बदल केल्यावर सहसा रीस्टार्ट लागतो. 2020 पासून अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्टिमस असलेले लॅपटॉपही आले, त्यात ही अदलाबदल रीस्टार्टशिवाय होते. तुम्हाला खरोखरच इंटेलला वाटेतून बाजूला काढायचं असेल, तर त्याची योग्य जागा हा स्विच आहे, डिव्हाइस मॅनेजर नव्हे. डिस्क्रीट मोडमध्ये एनव्हिडिया कधीच झोपत नाही, त्यामुळे बॅटरी लवकर उतरते. आणि बायोसमध्ये हात घालण्यापूर्वी ड्राइव्हवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कुलूपबंद ठेवणारं संरक्षण, चालू आहे का ते बघून त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा. बायोसमधल्या बदलानंतर ती की मागितली जाऊ शकते, आणि ती नसेल तर स्वतःच्याच फाइल्ससाठी तुम्ही दाराबाहेर अडकता.

तुमच्याकडे कोणती रचना आहे हे बघायचा सोपा मार्ग आहे. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये फिजएक्सच्या सेटिंगचं पान उघडा. कोणता डिस्प्ले कोणत्या ग्राफिक्सला जोडलाय त्याचं चित्रच तिथे दिसतं. बाहेरचा मॉनिटर लावूनही एकदा बघा. कित्येक लॅपटॉपांमध्ये आतली स्क्रीन इंटेलवर आणि एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियावर असतो, तर यूएसबी-सी पोर्ट पुन्हा इंटेलवर. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या एकाची तक्रार होती की एकच मॉनिटर घरी छान चालतो आणि ऑफिसात अडखळतो. दोन्हीकडे लॅपटॉप तोच होता. फरक केबलचा निघाला: घरी एचडीएमआय, ऑफिसात यूएसबी-सी. मॉनिटरचं चित्र वेगवेगळ्या चिपमधून येत होतं.

आता मूळ प्रश्न: एनव्हिडिया असताना गेम इंटेलवर का चालतो?

कोणता प्रोग्रॅम कुठे चालवायचा हे आता मुख्यतः विंडोज ठरवतं. विंडोज 10 च्या 1803 आवृत्तीपासून, म्हणजे 2018 पासून, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ग्राफिक्स इथे प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळी निवड करता येते. विंडोजवर सोडा, पॉवर सेव्हिंग, किंवा हाय परफॉर्मन्स. इथली निवड एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधल्या निवडीपेक्षा वरचढ ठरते. तुम्ही पॅनलमध्ये हाय परफॉर्मन्स निवडूनही फरक पडला नाही, त्यामागे हे कारण असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आधी कधीतरी तुम्ही किंवा एखाद्या बॅटरी वाचवणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या गेमला पॉवर सेव्हिंगमध्ये टाकलं असेल. ओपनजीएल ही ग्राफिक्सची जुनी पद्धत वापरणाऱ्या प्रोग्रॅमांच्या बाबतीत मात्र ड्रायव्हरच्या प्रोफाइललाही महत्त्व असतं. म्हणून माझी पद्धत अशी की दोन्ही ठिकाणी एकच निवड ठेवायची, म्हणजे शंकेला जागा उरत नाही.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे चुकीची फाइल निवडणं. डेस्कटॉपवरचा आयकॉन बहुतेक वेळा लाँचरचा असतो, गेमचा नव्हे. लाँचरला हाय परफॉर्मन्स दिलं म्हणून त्याने उघडलेल्या गेमला ते मिळतंच असं नाही. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती घ्या. तिथे खरा काम करणारा प्रोग्रॅम 'जावाडब्ल्यू' नावाचा असतो, आणि निवड त्याच्यासाठी करावी लागते. खरी फाइल शोधायची तर गेम चालू ठेवा, टास्क मॅनेजरमध्ये त्याच्यावर उजवी क्लिक करा, डिटेल्सवर जा आणि तिथून फाइलची जागा उघडा. तीच फाइल ग्राफिक्सच्या यादीत ब्राउझ करून टाका. मग गेम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा, कारण प्रोग्रॅम कोणत्या ग्राफिक्सवर चालणार हे तो सुरू होतानाच ठरतं.

खात्री करून घेतानाही जपून. टास्क मॅनेजरमध्ये शीर्षकांच्या ओळीवर उजवी क्लिक करून 'जीपीयू इंजिन' हा स्तंभ चालू करा (जीपीयू म्हणजे ग्राफिक्सची चिप). तुमच्या गेमसमोर 'जीपीयू 0' लिहिलंय की 'जीपीयू 1', ते तिथे दिसेल. कोणता आकडा कुणाचा, हे परफॉर्मन्स टॅबमध्ये नावासकट असतं. इंटेल 0 आणि एनव्हिडिया 1 असं बहुतेकदा आढळतं, पण गृहीत धरू नका. आणि गेम एनव्हिडियावर असतानाही इंटेलवर थोडा भार दिसणारच, कारण आलेल्या फ्रेम दाखवायचं काम ते करतंय. तेवढ्यावरून सेटिंग लागू झालं नाही असा निष्कर्ष काढू नका. नेमका तुमचा गेम कोणत्या आकड्यासमोर आहे, तेवढंच बघा.

सगळं काही एनव्हिडियावर टाकावं असंही नाही. ऑनलाइन शिकवणाऱ्या एका बाईंनी सगळे प्रोग्रॅम हाय परफॉर्मन्सला लावून ठेवले होते, आणि ओबीएसमध्ये स्क्रीन रेकॉर्ड केली की नुसती काळी चौकट यायची. ओबीएस एनव्हिडियावर चालत होतं आणि स्क्रीन होती इंटेलकडे. ओबीएसच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये आख्खा डिस्प्ले रेकॉर्ड करायचा असेल तर ज्या ग्राफिक्सकडे स्क्रीन आहे, त्याच ग्राफिक्सवर ओबीएसही चालवावं लागायचं. ओबीएसला पॉवर सेव्हिंग दिलं आणि चित्र आलं. उलट, त्यातल्या गेम कॅप्चरने एखादा गेम टिपायचा असेल, तर तो गेम ज्या ग्राफिक्सवर आहे तिथेच ओबीएस हवं. कोण काढतंय आणि कोण दाखवतंय, हा एवढा प्रश्न इथेही विचारला की उत्तर मिळतं.

आता लुकलुकणं. हे मी वेगळं ठेवतोय, कारण माझ्या मते त्याचा गेमच्या तक्रारीशी संबंध नाही. चार्जर काढल्यावरच होतं, म्हणजे बॅटरी वाचवणारी एखादी सोय त्या क्षणी जागी होते. पहिला संशय पॅनल सेल्फ रिफ्रेशवर. स्क्रीनवरचं चित्र बदलत नसेल तेव्हा पॅनल स्वतःच्या मेमरीतून ते दाखवत राहतं आणि ग्राफिक्सला विश्रांती मिळते. ही सोय काही पॅनलांवर नीट जमत नाही आणि स्क्रीन फडफडते. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये पॉवरच्या पानावर ती बॅटरीसाठी बंद करता येते. एएमडीचं ग्राफिक्स असेल तर व्हॅरी-ब्राइट बंद करून बघायचं. दुसरा संशय रिफ्रेश रेटवर, म्हणजे सेकंदाला स्क्रीन किती वेळा नव्याने रंगते त्यावर: काही लॅपटॉप चार्जर काढताच 144 वरून 60 हर्ट्‌झवर येतात, आणि त्या क्षणी स्क्रीन एकदा काळी होते. ते एकदाच होत असेल तर सोडून द्या.

लुकलुकणं तरीही थांबलं नाही, तर मायक्रोसॉफ्टने सुचवलेली एक साधी चाचणी आहे. स्क्रीन लुकलुकत असताना टास्क मॅनेजर उघडा. तोही सोबत लुकलुकत असेल तर दोष बहुधा डिस्प्ले ड्रायव्हरचा. तो स्थिर आणि बाकीचं लुकलुकतंय, तर एखाद्या प्रोग्रॅमचा. मी यात एक भर घालतो: बायोसची स्क्रीन उघडून पाच मिनिटं तशीच ठेवा आणि झाकण हलकेच पुढेमागे करा. विंडोज सुरूही झालेलं नसताना स्क्रीन लुकलुकली, तर ड्रायव्हरचा संबंध संपला. मग केबल किंवा पॅनल बघायला हवं.

ड्रायव्हर पुसून नव्याने टाकण्याचा सल्ला तुम्हाला बहुतेक सगळ्यात आधी मिळाला असेल. मी तो शेवटी देतो. त्याने वरच्यापैकी बहुतेक गोष्टी सुटत नाहीत, आणि मूळ कारणाचे मागमूस मात्र पुसले जातात. करायचंच असेल तर क्रम पाळा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून तुमच्याच मॉडेलचा इंटेलचा ड्रायव्हर घ्या, एनव्हिडियाचा ड्रायव्हर घ्या, दोन्ही फाइल्स डिस्कवर ठेवा. मग इंटरनेट तोडा, नाहीतर तुम्ही पुसत असतानाच विंडोज अपडेट स्वतःच्या मनाने एखादी जुनी आवृत्ती टाकून मोकळं होतं. सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने सफाई करा. नंतर आधी इंटेल, रीस्टार्ट, मग एनव्हिडिया, पुन्हा रीस्टार्ट. इंटेल आधी का, तर स्क्रीन त्याच्या हातात आहे. पाया उभा राहिल्यावरच एनव्हिडियाला आपलं चित्र कुठे द्यायचं ते कळतं. कंपनीच्या पानावरचा इंटेल ड्रायव्हर बहुतेकदा थोडा जुना असतो, पण ब्राइटनेसची बटणं आणि झोपेतून उठणं यांसाठी त्या मॉडेलपुरत्या काही दुरुस्त्या त्यात असू शकतात, म्हणून लॅपटॉपवर मी तोच आधी टाकतो.

कार्ड खरंच गेलं असेल तर काय दिसतं, तेही सांगतो, म्हणजे तुमची शंका फिटेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हिडियावर पिवळं चिन्ह आणि कोड 43 येतो, म्हणजे हार्डवेअरने बिघाड कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवलं आहे. कोड 43 ड्रायव्हरमुळेही येतो, म्हणून स्वच्छ ड्रायव्हर टाकूनही तो परत आला तरच मी हार्डवेअरकडे वळतो. थंड असताना कार्ड चालतं आणि तापलं की नाहीसं होतं, हे लक्षण मला जास्त काळजीचं वाटतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 4101 क्रमांकाच्या नोंदी बघा. ग्राफिक्सने ठरलेल्या वेळात, म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे 2 सेकंदांत, उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं आणि ही नोंद पडते. महिन्यातून एखादी असेल तर दुर्लक्ष करा. रोज पडत असतील, किंवा 0x116 क्रमांकाची निळी स्क्रीन येत असेल, तर तापमान बघा आणि ओव्हरक्लॉक (चिपचा वेग वाढवणं) किंवा अंडरव्होल्ट (तिचा व्होल्टेज कमी करणं) केलं असेल तर ते आधी काढा. रजिस्ट्रीत जाऊन ती 2 सेकंदांची मुदत वाढवा असं सांगणारे भेटतील. मी तसं करत नाही, कारण चिप अडकते ती अडकतेच, फक्त तुम्हाला उशिरा कळतं.

कार्ड यादीतच दिसत नसेल तरी लगेच हाय खाऊ नका. एक लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या मालकाला मदरबोर्ड बदलायला सांगितलं गेलं होतं, कारण एनव्हिडिया डिव्हाइस मॅनेजरमधून गायब होतं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये इको मोड चालू होता. त्या मोडमध्ये वेगळ्या कार्डाची वीजच तोडली जाते आणि विंडोजला ते दिसत नाही. मोड बदलला, रीस्टार्ट केलं, कार्ड जागेवर हजर. असा मोड तुमच्या लॅपटॉपमध्येही आहे का ते बघून ठेवा.

एक गोष्ट राहिली. गेम खेळताना लॅपटॉपसोबत आलेलाच चार्जर लावा. बॅटरीवर किंवा कमी वॅटच्या यूएसबी-सी चार्जरवर एनव्हिडियाला पूर्ण वीज मिळत नाही, आणि सेटिंग सगळं बरोबर असूनही गेम अडखळतो. लिनक्स वापरत असाल तर तत्त्व हेच आहे, फक्त निवड प्राइम नावाच्या सोयीच्या आज्ञांनी करावी लागते, आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड चालू न देणारी सोय) चालू असेल तर एनव्हिडियाचं मोड्यूल, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, सही केलेलं नसल्यास लोड होत नाही, हे आधी तपासा.

तर इंटेल एनेबल करा, गेमची खरी फाइल शोधून तिला हाय परफॉर्मन्स द्या, पॅनल सेल्फ रिफ्रेश बंद करा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर बघा. तरीही गेम इंटेलवरच राहिला तर मला तीन गोष्टी कळवा: लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, फिजएक्सच्या पानावरच्या चित्रात स्क्रीन कुणाला जोडलेली दिसते, आणि गेम चालू असताना जीपीयू इंजिनच्या स्तंभात त्याच्यासमोर काय लिहिलेलं असतं. त्यावरून पुढचं पाऊल सांगतो.